लहानाला मज्जाव, मोठ्याला मुभा

निवड काटेकोर करावयाची म्हटली की वेळ मोडतो आणि वेळ वाचवावयाचा म्हटला की निवडीत ढिलाई येते, हा मनुष्याच्या कारभारातला इतका जुना अनुभव आहे की त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही. जकातनाक्यावर ज्या दिवशी प्रत्येक गाडीतील माल उतरवून दस्तकाशी ताडून पाहिला जातो त्या दिवशी गाड्यांची रांग वेशीपर्यंत जाते, आणि ज्या दिवशी रांग लागत नाही त्या दिवशी नाकेदाराने डोळेझाक केलेली असते, हे सांगावयास साक्षीदार लागत नाही. सजीवांच्या पेशींभोवती जे पातळ पटल असते त्यात बसविलेली पोटॅशियम-वाहिनी नावाची प्रथिने मात्र हा अनुभव सपशेल खोटा पाडतात. अशा एका वाहिनीतून अनुकूल परिस्थितीत सेकंदाला दहा कोटीपर्यंत पोटॅशियमचे आयन पार होतात, म्हणजे मोकळ्या पाण्यात ते ज्या वेगाने पसरतील जवळजवळ त्याच वेगाने; आणि तरीही त्या गर्दीत पोटॅशियमच्या दहा हजार आयनांमागे सोडियमचा एखादाच निसटला तर निसटतो. बरे, सोडियम हा थोरला असता तर त्याला अडविण्यात विशेष ते काय, असे म्हणता आले असते. पण सोडियमच्या आयनाची त्रिज्या ०.९५ अँगस्ट्रॉम आणि पोटॅशियमच्या आयनाची १.३३, दोघांवरही धन विद्युतभार एकेकच. ज्या वाटेने मोठा बिनदिक्कत जातो त्या वाटेने लहान जाऊ शकत नाही, हे कसे, या एका प्रश्नाने शरीरक्रियाशास्त्रज्ञांना अर्धशतक झुलविले.

मुळात आयनांना वाट काढून द्यावी लागते याचे कारण पटलाच्या घडणीत आहे. पटल म्हणजे मेदरेणूंचा सुमारे चार नॅनोमीटर जाडीचा दुहेरी थर. त्याचा गाभा तेलासारखा. पाण्यात असलेला आयन कधी एकटा नसतो, पाण्याचे रेणू आपले ऑक्सिजनचे ऋण टोक त्याच्याकडे करून त्याला चहूबाजूंनी वेढून बसलेले असतात, आणि हे आवरण उतरविण्यास फार मोठी ऊर्जा खर्च करावी लागते. तेलकट गाभ्यात त्या खर्चाची भरपाई करील असे काहीच नसल्यामुळे आयन पटलाच्या काठापर्यंत येतो आणि परत फिरतो. पेशीने या अडथळ्याचा उपयोग करून घेतला आहे. येन्स स्कौ या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंत ज्याचा माग काढला तो सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीस तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, आणि हा व्यवहार अहोरात्र चालू असल्यामुळे पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल आणि बाहेरच्या द्रवात अवघे चार-पाच, अशी विषमता कायम राहते.

आता या पटलात फक्त पोटॅशियमपुरती वाट उघडी ठेवली तर काय होईल, याचा विचार केला पाहिजे. आतला पोटॅशियम बाहेर झिरपू लागेल; प्रत्येक आयन आपला धनभार बरोबर नेत असल्यामुळे आतली बाजू ऋण होऊ लागेल; आणि हा ऋणभार बाहेर निघालेल्यांना मागे ओढू लागेल. प्रमाणातील तफावतीचा रेटा आणि विजेची ओढ तुल्यबळ झाली की जाणे-येणे समसमान होते. नेर्न्स्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या समीकरणाने हा तोल हिशेबात मांडता येतो, आणि वरील आकडे घातले तर उत्तर सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट येते. विश्रांत मज्जातंतूत आढळणारी वीज ती हीच, असे ज्यूलियस बर्नस्टाइनने १९०२ साली प्रतिपादन केले, आणि ते पुष्कळ अंशी खरे ठरले. ९० मिलिव्होल्ट हा आकडा ऐकावयास क्षुल्लक वाटतो, पण तो चार नॅनोमीटरांच्या अंतरावर पसरलेला आहे. मीटरच्या हिशेबाने हेच विद्युतक्षेत्र दोन कोटी व्होल्टांच्या वर जाते. पेशीबाहेरचा पोटॅशियम वाढला की हा तोल बिघडतो आणि त्याचा पहिला धोका हृदयाला पोचतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्यास डॉक्टर शहाळ्याचे पाणी वर्ज्य सांगतात आणि भाज्या उकडून त्यांचे पाणी फेकून द्यावयास लावतात ते याच सबबीवर. निरोगी माणसाला जे अमृतवत् तेच ज्याला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही त्याला घातक.

बर्नस्टाइनची ही वाट विश्रांत अवस्थेची. ती उघडते आणि मिटते, तीही ठरावीक वेळी आणि ठरावीक हुकमाने, ही गोष्ट उजेडात आणली अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोघा इंग्रजांनी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी माकूळ नावाच्या सागरी प्राण्याचा मज्जातंतू घेतला, कारण तो सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असून त्याच्या पोकळीत चक्क तार सरकविता येते. मध्ये महायुद्ध आले, हॉजकिनची रवानगी रडारच्या कामावर झाली, आणि जे काम १९३९ साली हाती घेतले ते १९५२ च्या पाच निबंधांनी पुरे झाले. मज्जातंतूतून संदेश जाताना प्रथम सोडियमची वाट उघडते व आतली बाजू क्षणभर धन होते, आणि नंतर थोड्या विलंबाने पोटॅशियमची वाट उघडून पूर्वस्थिती आणते, असा त्यांचा निष्कर्ष. केंब्रिजचे संगणकयंत्र त्या सुमारास दुरुस्तीसाठी बंद असल्याने हक्सलीने या संदेशाचे सारे गणित हाताने फिरवावयाच्या ब्रुन्सविगा यंत्रावर केले.

त्या गणितातील एक बारकावा मला त्यांच्या निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. पोटॅशियमचा प्रवाह हुकूम मिळताच एकदम सुरू होत नाही, तो आधी रेंगाळतो आणि मग वेग घेतो. हा आलेख जुळविण्यासाठी त्यांनी असे मानले की वाट उघडण्यास चार स्वतंत्र कणांनी आपापली जागा बदलली पाहिजे. एकाची संभाव्यता एका अक्षराने दाखविली तर चौघांची मिळून त्याचा चतुर्थ घात. पाचवा किंवा सहावा घात घेतला असता तर आलेख आणखी बरा जुळला असता, पण तेवढ्या सुधारणेसाठी गणिताची गुंतागुंत वाढविण्यात अर्थ नाही, असे त्यांनीच प्रांजळपणे नमूद करून ठेवले आहे. चार भागांचे प्रथिन पुढे खरोखरच सापडले, तेव्हा या सोईच्या चौघांना भविष्यवाणीचा मान मिळाला. तो थोडासा नशिबाचाही होता असे म्हणावयास हरकत नाही.

१९५५ साली हॉजकिनने रिचर्ड कीन्सबरोबर माकुळाच्याच भाऊबंद कटलफिशचे मज्जातंतू घेऊन, किरणोत्सर्गी पोटॅशियमच्या साहाय्याने, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या आयनांची वेगवेगळी मोजदाद केली. आयन एकमेकांशी संबंध न ठेवता आपापले ये-जा करीत असते तर दोन्ही ओघांचे गुणोत्तर जितके यावयास हवे होते त्यापेक्षा ते पुष्कळच अधिक आले. याचा अर्थ पटवून देण्यासाठी त्यांनी एक सपाट पेटी केली, तिचे दोन कप्पे पाडले, त्यांत पोलादी गोळ्या घातल्या आणि मोटरीने ती पेटी हलवीत ठेवली. दोन कप्प्यांमधली फट आखूड असली की गोळ्या स्वतंत्रपणे इकडच्या तिकडे होत. फट लांब आणि अरुंद केली की तीत दोन-तीन गोळ्या एकामागे एक अडकून राहत, आणि गर्दीच्या बाजूने धक्का बसल्याखेरीज पलीकडची गोळी बाहेर पडत नसे. विरुद्ध दिशेने येऊ पाहणाऱ्या गोळीला तर जवळजवळ मज्जावच होई. पोटॅशियमची वाट अशी लांब, एकेरी, आणि एकाच वेळी अनेक आयनांनी भरलेली असली पाहिजे, हे अनुमान प्रथिनाचे दर्शन होण्याच्या त्रेचाळीस वर्षे आधीचे आहे. पुढे अमेरिकेत क्ले आर्मस्ट्राँगने टेट्राइथिल अमोनियम हे पोटॅशियमची वाट अडविणारे रसायन आणि त्याची लांब शेपटीची भावंडे तंतूच्या आतून सोडून पाहिली, तेव्हा ती दार उघडे असतानाच आत शिरतात आणि कधी कधी दार त्यांच्या पाठीमागे मिटून ती आत कोंडली जातात, असे आढळले. यावरून दार पेशीच्या आतल्या अंगाला, त्याच्या पुढे एक ऐसपैस दालन, आणि त्याच्याही पुढे बाहेरच्या अंगाला अरुंद वाट, असा नकाशा सिद्ध झाला. बर्टिल हिले यानेही निरनिराळ्या मापांचे आयन पाठवून ती अरुंद जागा सुमारे तीन अँगस्ट्रॉम रुंदीची ठरविली.

एवढे होऊनही एका वाहिनीचे वर्तन कोणी स्वतंत्रपणे पाहिले नव्हते. गटिंगनच्या एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ साली काचेच्या सूक्ष्म नळीचे टोक पेशीच्या पटलावर टेकवून तेवढ्याच तुकड्यातला प्रवाह मोजण्याची युक्ती काढली, आणि एकेका वाहिनीची कैफियत कागदावर उमटू लागली. त्या नोंदीत रेषा सरळ चालते, एकाएकी एक पायरी चढते, काही सहस्रांश सेकंद तिथे राहते आणि तितक्याच एकाएकी उतरते. दार उघडे किंवा बंद, अधलेमधले जवळपास काही नाही. हुकमाने बदलते ते पायरीची उंची नव्हे, ती किती वेळा आणि किती वेळ चढली जाते ते. एका पायरीची उंची एक पिकोअँपिअर भरली तर त्याचा अर्थ सेकंदाला सुमारे बासष्ट लाख आयन.

वाहिनीचे प्रथिन हाती लागले ते फळमाशीमुळे. ईथरने बेशुद्ध केलेल्या काही माश्यांचे पाय थरथरत राहत; त्या वाणाला 'शेकर' म्हणत, आणि १९८७ साली त्यांच्यातला बिघडलेला जनुक वेगळा केल्यावर तो पोटॅशियम-वाहिनीचाच निघाला. तिची मोडतोड करून पाहण्यास हत्यार मिळाले ते विंचवाच्या नांगीतले. विंचवाच्या विषातील काही लहान प्रथिने वाहिनीच्या बाहेरच्या तोंडावर बुचासारखी बसतात; रॉडरिक मॅकिनन या वैद्यकी सोडून संशोधनात आलेल्या गृहस्थाने अशाच एका विषाचा उपयोग करून १९९१ साली दाखविले की शेकर-वाहिनी चार सारख्या भागांची बनलेली असते. या कथेत आपल्या कोकणातील लाल विंचवाचाही वाटा आहे, कारण कॅल्शियमने उघडणाऱ्या मोठ्या पोटॅशियम-वाहिनीला अडविणारे आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाणारे आयबेरिओटॉक्सिन हे ३७ ॲमिनो अम्लांचे विष १९९० साली याच जातीच्या विंचवापासून शुद्ध करण्यात आले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी ज्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करून असंख्य जीव वाचविले त्या दंशातील जीवघेणा भाग मुख्यतः सोडियम-वाहिन्या चेतविणाऱ्या दुसऱ्या विषांचा असतो, तेव्हा दोहोंची गल्लत करू नये. पण एका नांगीत इतक्या निरनिराळ्या वाहिन्यांची इतकी नेमकी औषधे साठविलेली असावीत याचा अचंबा वाटल्यावाचून राहत नाही.

जनुकांची अक्षरे ताडून पाहता एक गोष्ट ध्यानात आली होती: जीवाणूपासून मनुष्यापर्यंत सर्व पोटॅशियम-वाहिन्यांत थ्रिओनिन, व्हॅलिन, ग्लायसिन, टायरोसिन, ग्लायसिन हा पाच ॲमिनो अम्लांचा क्रम जवळजवळ अभंग राहिला आहे, आणि त्याला धक्का लावला की निवड बिघडते. तो तिथे करतो काय, हे कळण्यास मात्र प्रथिनाचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते; आणि पटलातील प्रथिनांचे स्फटिक करणे त्या काळी जवळजवळ दुरापास्त मानले जाई. मॅकिननने ती विद्या चाळिशीच्या उंबरठ्यावर मुळापासून शिकावयास घेतली, हार्वर्ड सोडून तो १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गेला, आणि मातीत राहणाऱ्या एका स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूची 'केसीएसए' ही साधी वाहिनी निवडून त्याने १९९८ च्या एप्रिलमध्ये तिचे चित्र प्रसिद्ध केले. पाच वर्षांत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि या विषयात तो विलंब नव्हे, घाईच म्हणावी लागेल.

ते चित्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. आत शिरणाऱ्या आयनाच्या दृष्टीने पाहिले तर पटलाच्या अगदी मध्यावर, जिथे मेदाचा गाभा सर्वांत प्रतिकूल, तिथे सुमारे दहा अँगस्ट्रॉम रुंदीचे पाण्याने भरलेले दालन आहे. म्हणजे आयनाला पाण्याचे आवरण उतरविल्यावाचून निम्मा प्रवास करता येतो. १९९८ च्या चित्रात आयनांच्या जागा पक्क्या करण्यासाठी पोटॅशियमऐवजी रुबिडियम आणि सीझियम हे अधिक वजनदार आयन घालून पाहावे लागले होते. २००१ साली स्फटिक सुधारले, तपशील दोन अँगस्ट्रॉमपर्यंत उतरला, आणि दालनात उभा असलेला पोटॅशियम आपल्याभोवतीच्या पाण्याच्या आठ रेणूंसह, चार खाली व चार वर, स्पष्ट दिसला. दालनाच्या पुढे बारा अँगस्ट्रॉम लांबीची अरुंद वाट, जिला तज्ज्ञ गाळणी म्हणतात. वर सांगितलेला पाच अम्लांचा क्रम तो हाच. चारही भागांतील त्याच्या कण्यावरचे ऑक्सिजन अणू वाटेच्या आत तोंड करून ओळीने उभे आहेत आणि त्यांच्यामुळे एकावर एक अशा चार जागा तयार झाल्या आहेत. प्रत्येक जागेत आयनाभोवती ऑक्सिजन किती? आठ, चार खाली व चार वर, आणि पाण्यात होते जवळजवळ तितक्याच अंतरावर. गाळणीत शिरताना पोटॅशियम पाण्याचे आठ ऑक्सिजन सोडतो आणि त्याच क्षणी प्रथिनाचे आठ ऑक्सिजन त्याला मिळतात. खर्च आणि भरपाई यांचा मेळ बसतो, आणि उंबरठा ओलांडण्यास काहीच जड जात नाही.

सोडियमला पाणी सोडावयाची किंमत तर मोजावी लागते, पोटॅशियमपेक्षा अधिकच, कारण लहान आयन पाण्याला अधिक घट्ट धरून असतो. पण प्रथिनाचे ऑक्सिजन त्याला नीट कवेत घेण्याइतके जवळ येत नाहीत, आणि भरपाई तोकडी पडते. हा सौदा आतबट्ट्याचा असल्याने तो पाण्यातच राहणे पसंत करतो. गाळणी ताठ असल्यामुळे ऑक्सिजन जवळ येत नाहीत, की ऑक्सिजनांच्या परस्परांतील प्रतिकर्षणामुळे, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. आणि ताठपणाचा पुरावा वाटतो तितका सरळ नाही, कारण द्रावणातील पोटॅशियम फार कमी केला तर गाळणी आपला आकार सोडून मिटते, म्हणजे तिला उभे ठेवण्यात आयनाचाच हात आहे. डॅलस येथे यूशिंग जियांगच्या प्रयोगशाळेत एका जीवाणूच्या निवड न करणाऱ्या वाहिनीत दोनच अम्ले बदलून दोन जागांच्या चार जागा केल्या, तेव्हा ती पोटॅशियम निवडू लागली. केवळ एका जागेचा नेमकेपणा पुरेसा नसून चौघींची अखंड रांग लागते, हे यातून दिसले.

मग वेगाचे काय? ज्याला प्रथिनाने इतक्या आपुलकीने धरले तो तिथेच चिकटून राहावा आणि वाट तुंबावी, अशी रास्त शंका येते. हॉजकिन आणि कीन्स यांच्या पोलादी गोळ्या इथे उपयोगी पडतात. गाळणीत एका वेळी साधारण दोन आयन असतात, एक जागा सोडून एक, आणि समान भारामुळे ते एकमेकांना दूर लोटीत असतात. धरून ठेवणारी ओढ आणि दूर लोटणारा जोर जवळजवळ सारखे, म्हणून दालनातून तिसरा आयन आत शिरताच सर्वांत पुढचा बाहेर फेकला जातो. मॅकिननच्या मते दोन आयनांच्या मध्ये पाण्याचा एकेक रेणू असतो. संगणकावरील अनुकरणांच्या आधारे काही संशोधक २०१४ पासून असे म्हणू लागले आहेत की पाणी मध्ये नसतेच, आयन थेट एकमेकांना ढकलतात. हा वाद अजून निकालात निघालेला नाही.

गाळणी निवड करते, पण दार उघडणे-मिटणे बहुधा तिच्याकडे नाही; तो बंदोबस्त पेशीच्या आतल्या टोकाला आहे. चार भागांच्या चार आतल्या मळसूत्री दांड्या तिथे एकमेकींना ओलांडून इतक्या जवळ येतात की आयनाला वाव राहत नाही. त्या मध्यावरच्या एका ग्लायसिनपाशी वाकून बाहेर झुकल्या की दालनाचे तोंड मोकळे होते. ही गोष्ट २००२ साली कॅल्शियमने उघडलेल्या 'एमटीएचके' या दुसऱ्या वाहिनीच्या चित्रात दिसली. हुकूम देणारे अधिकारी मात्र वाहिनीगणिक निराळे: केसीएसए आतल्या अम्लतेने उघडते, कोणी कॅल्शियमने, कोणी एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूच्या अभावाने, आणि मज्जातंतूतल्या विजेने. विजेने उघडणाऱ्या वाहिनीच्या प्रत्येक भागात एक दांडी अशी असते की तिच्यावर दर तिसऱ्या जागी धनभार वाहणारे आर्जिनिन बसविलेले असते. विश्रांत पेशीत दोन कोटी व्होल्ट प्रति मीटरचे ते क्षेत्र या दांडीला आत खेचून धरते; क्षेत्र ओसरले की ती बाहेर सरकते आणि जोडलेल्या दुव्याने दार ओढून उघडते. चौघी मिळून सरकणाऱ्या भाराचे माप शेकर-वाहिनीत सुमारे तेरा इलेक्ट्रॉनांच्या भाराइतके भरले. २००३ साली मॅकिननने ही दांडी वल्ह्यासारखी मेदातून लांबवर फिरते असे सुचविले आणि त्यावर मोठे वादळ उठले. आधार घेतलेला स्फटिकच पटलापासून तुटल्यामुळे विकृत झाला होता, असे पुढे बहुतेकांचे मत झाले. काही वाहिन्यांत दार उघडे असूनही प्रवाह आपोआप थांबतो. शेकरच्या सुरुवातीची वीसेक अम्ले छाटली की हे थांबणे नाहीसे होते, आणि तोच तुकडा वेगळा तयार करून पेशीच्या आतून सोडला की पुन्हा थांबते. वाहिनीचे हे सुरुवातीचे टोकच उघड्या दारात जाऊन अडकत होते, हे १९९० साली अमेरिकेत रिचर्ड ऑल्ड्रिच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे हातोहात सिद्ध केले.

दवाखान्यात या विद्येचे दाखले पदोपदी मिळतात. हृदयाच्या 'हर्ग' नावाच्या पोटॅशियम-वाहिनीच्या दालनात भलभलती औषधे अडकून बसतात आणि ठोका बिघडवितात. टरफेनॅडिन हे सर्दी-पित्तावरचे औषध त्यापायी बाजारातून मागे घ्यावे लागले, आणि हल्ली नव्या औषधाची या वाहिनीवर आधी परीक्षा होते. स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशींचा कारभार याहून बोलका आहे. रक्तात साखर वाढली की या पेशीत एटीपी वाढते, एटीपीने तिथली पोटॅशियम-वाहिनी मिटते, आतली बाजू कमी ऋण होते, कॅल्शियमची वाट उघडते आणि इन्शुलिन बाहेर पडते. घरोघरच्या मधुमेह्यांच्या गोळ्यांत जे ग्लिमेपिराइड असते ते एटीपीची वाट न पाहता हीच वाहिनी बंद करते. काही अर्भकांना जन्मानंतर थोड्याच महिन्यांत मधुमेह जडतो, आणि त्यांना आयुष्यभर इन्शुलिन टोचणे एवढाच इलाज मानला जाई. २००४ साली कळले की त्यांच्यापैकी अनेकांत या वाहिनीच्या जनुकात दोष असून ती एटीपीला दाद देत नाही, उघडीच राहते. एटीपीचे ऐकत नसली तरी गोळीचे ऐकेल, या तर्काने त्यांना त्याच वर्गातली औषधे देऊन पाहिली, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा ४९ रोग्यांपैकी ४४ जणांचे इन्शुलिन पूर्णपणे थांबविता आले.